जाड्या, बारक्या आणि भगवानरावांचं नाक

भगवानराव गांगुर्डे आमच्या मजल्यावर राहायला आले त्याच संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. मला वाटलं, नवीन बिऱ्हाड आहे, विरजण नाहीतर काडेपेटी हवी असेल. ते म्हणाले, "जयभीम. तुमच्या दारावरची पाटी वाकडी आहे."

मी बाहेर येऊन पाहिलं. पाटी डावीकडे खरंच किंचित उतरली होती. म्हटलं, "बसवणारा तर म्हणाला होता, एकदम सरळ आहे."

"तो म्हणणारच. बसवली त्यानेच ना!" एवढं बोलून त्यांनी नाक मुरडलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी पेचकस आणि पाण्यात बुडबुडा असलेली लेव्हलपट्टी घेऊन आले, पाटी सरळ केली, मी दिलेला चहा प्यायले आणि चहालाही नाक मुरडलं.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या इमारतीत आम्ही अजून समोरासमोर राहतो. मी शाळेतून निवृत्त झाले, ते एमआयडीसीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यातून. तिथे ते माल तपासायचे. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते त्याच्या भोकात गेज घालून बघायचे. गेज म्हणजे ठरलेल्या मापाचा पोलादी तुकडा. तो नीट बसला तर माल पास, नाहीतर शेजारी लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश तयारच असायचा. लाल फटकारा बसलेला नग पुन्हा वितळायला जायचा. कामगार म्हणे गेजकडे बघायचेच नाहीत, भगवानरावांच्या नाकाकडे बघायचे. नाकाच्या डाव्या अंगाला आधी एक बारीक आठी पडायची, मग नाकपुडी वर चढायची, आणि मग हात ब्रशकडे जायचा. आठी पडली की कामगार "गेला" म्हणून पुढच्या कामाला लागायचे. त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे 'लाल डबा' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा मात्र त्यांना तिटकारा नव्हता, हीच काय ती त्यांनी पास केलेली गोष्ट.

निवृत्तीनंतर व्हॉल्व्ह संपले. मग उरलेलं जग त्यांच्या टेबलावर आलं. सोसायटीने दिलेला रंग ("जुलाब झालेल्या पोपटाचा"), माझे पोहे ("ओले भुसकट"), मुलाने, विक्रांतने बदलापूरला घेतलेला नवा फ्लॅट ("घर घेतलंस का खिडकी घेतलीस? डोंगर दिसतो म्हणे. डोंगरात झोपणार आहेस का?"). माझ्या शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो त्यांना कौतुकाने दाखवायला गेले तर म्हणाले, "काढणाऱ्याने डोळे मिटून काढलाय, म्हणून तुम्ही सगळ्यांनीही मिटलेत." त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द 'चालेल' हा होता, आणि तो मी फार कमी वेळा ऐकला आहे. पण सोसायटीची पाण्याची टाकी गळायला लागली तेव्हा रात्रभर वर बसून भेग शोधणारेही तेच होते, त्यामुळे त्यांच्या तुच्छतेचा कंटाळा आला तरी राग कुणाला फारसा येत नसे.

त्यांच्या पत्नी द्रौपदीताई. बालवाडीत मदतनीस होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या. एवढ्या तुच्छतेशेजारी त्या इतकी वर्षं कशा राहिल्या असतील, असं मला वाटायचं. एकदा भाजी निवडताना त्यांनी मला त्यांच्या लग्नाच्या अल्बमची गोष्ट सांगितली.

लग्न सत्त्याऐंशी सालचं, बौद्ध पद्धतीने, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सफारीत. फोटोवाला रंगीत शालू आणि जरीच्या टोप्यांची लग्नं काढणारा. त्याने नेहमीसारखा फ्लॅश मारला आणि सगळं पांढरं जळून गेलं. साडीचा काठ नाही, चुण्या नाहीत, सफारीचा खिसा नाही. आठवड्याने अल्बम घरी आला. भगवानरावांनी पानं उलटली, नाक मुरडलं आणि जिथल्या तिथे अल्बम परत केला. "दोन पांढरे डाग आणि वर दोन मुंडकी. हे लग्न आहे का धोब्याचं बोचकं?" फोटोवालाही मानी. "मग माझ्याकडेच राहू दे," म्हणाला. पुढे त्याचं दुकान बंद झालं, तो कुठे गेला कुणाला ठाऊक नाही.

"मी स्वयंपाकघराच्या दारातून एकच पान पाहिलं होतं बाई," द्रौपदीताई म्हणाल्या. "त्यात मी हसत होते. कशाला ते आठवत नाही."

त्यानंतर त्या घरात दोघांचा मिळून एकही फोटो निघाला नाही. निघाले ते भगवानरावांनी नापास केले.

विक्रांतच्या बदलापूरच्या घरात राहायला जायचा दिवस ठरला तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. सुनेने, सोनियाने, पुढच्या खोलीतली एक भिंत मोकळी ठेवली होती. ती म्हणाली, "आई, तुमचा दोघांचा एक फोटो द्या, मोठा करून मधोमध लावू."  द्रौपदीताई माझ्या घरी येऊन म्हणाल्या, "बाई, त्या भिंतीवर मला एकदा त्यांच्या शेजारी बसलेलं बघायचंय. मग लाल रंग लावा नाहीतर काळा."

विक्रांत म्हणाला, "पप्पा, मोबाइलवर काढू ना. दोन मिनिटांचं काम."

"मोबाइल!" भगवानरावांच्या नाकाला आठी पडली. "तो फोटो काढत नाही, तोंडाला पावडर फासतो. तुझ्या आईच्या सुरकुत्या मी मोजून आणल्यात, तो पुसून टाकेल. काढायचा तर आरशाच्या कॅमेऱ्याने. मीच काढतो."

आरशाचा कॅमेरा म्हणजे डीएसएलआर. बटण दाबलं की आतला आरसा खाटकन वर उडतो, तो. कारखान्यात तडा गेलेल्या नगांचे फोटो अहवालाला जोडायला त्यांना तसला कॅमेरा दिलेला होता. म्हणजे या माणसाने आयुष्यात मन लावून फोटो काढले ते फक्त दोषांचे.

नवीन घेणं त्यांना मंजूर नव्हतं ("नवीन वस्तूचा दोष तुम्हालाच शोधावा लागतो, जुन्याचा आधीच्याने शोधून ठेवलेला असतो"), म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. "आम्ही" म्हणजे ते, द्रौपदीताई आणि मध्ये कोणीतरी हवं म्हणून मी. कॅम्प तीनमध्ये एका जिन्याखाली परमूसेठचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. परमूसेठने पुढ्यात कॅमेऱ्यांची रांग मांडली आणि भगवानरावांनी ती नापास करायला घेतली.

"ह्याच्या काचेत बुरशी आहे. हा लग्नांतून आलाय, बटणाला खड्डा पडलाय बघा. ह्याचं रबर लोंबतंय. हा कुणीतरी आपटलाय आणि वर पॉलिश मारलंय."

"साईं," परमूसेठ चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "कॅमेरा लेने आए हो या लड़की देखने?"

"लड़की देखने में इतना टाइम नहीं लगाया था."

"ते मला दिसतंयच," मागून द्रौपदीताई म्हणाल्या.

शेवटी दोन उरले, दोन वेगळ्या कंपन्यांचे. एक पंधराएक वर्षांपूर्वीचा, धातूच्या अंगाचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा. दुसरा त्याच्यानंतरचा, प्लास्टिकचा, हलका, मेगापिक्सेल जास्त, कमी उजेडातही बऱ्यापैकी बघणारा. द्रौपदीताईंनी तिथेच त्यांचं जाड्या आणि बारक्या असं बारसं केलं.

"जाड्याचं अंग चांगलं, पण डोळे म्हातारे," भगवानराव दोन्ही आलटून पालटून डोळ्याला लावत म्हणाले. "बारक्याचे डोळे तरुण, पण अंग जत्रेतल्या खेळण्याचं. एकही धड नाही."

"तो एक लो ना," परमूसेठ म्हणाला.

"मिलाके देखना पड़ेगा. सफेद साड़ी पे."

परमूसेठने द्रौपदीताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही कॅमेरे एका पिशवीत घातले. "दोनों ले जाओ. शनिवार को एक वापस लाना. मेरी चाय ठंडी मत करवाओ."

रिक्षात मी विचारलं, "भगवानराव, एक फोटो तर काढायचाय. दोन कशाला?"

त्यांनी माझ्याकडे सातवी नापास मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "बाई, तुम्ही एका पेपरवरून मुलगा पास करता. आमच्यात तसं नाही. एक गेज खोटं बोलू शकतं, झिजलेलं असतं. म्हणून दुसऱ्याने बघायचं. दोन्ही गेजांनी एकच दोष दाखवला, तर दोष गेजात नाही, नगात आहे. मग बिनधास्त लाल लावायचा."

घरी आल्यावर सुरू झाली ती चाचणी. द्रौपदीताईंनी ट्रंकेतून लग्नाची पांढरी साडी काढली. काठावर पांढऱ्याच दोऱ्याची बारीक वेल होती. भगवानरावांचं म्हणणं, जो कॅमेरा उन्हात ही वेल पकडेल तो पास. पहिल्या दिवशी गच्चीवर, दुसऱ्या दिवशी जिन्यात, तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत. द्रौपदीताई साडी नेसून उभ्या, आणि हे गुडघ्यावर बसून काठाचे फोटो काढताहेत. फोटो बघायचे, मोठे करायचे, वेल तपासायची आणि पुसून टाकायचे.

"माझं तोंड कधी काढणार?" द्रौपदीताईंनी विचारलं.

"तोंड कुठे पळून जातंय? आधी काठ."

"काठ बदलापूरच्या भिंतीवर लावणार आहात का?"

मलाही आता भगवानरावांची कीव यायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी घृणाही. समोर माणूस उभं आहे आणि हा दोऱ्याला डोळा लावून बसलाय! शुक्रवार उजाडला तरी जाड्या-बारक्याचा निकाल लागेना. जाड्या उन्हात पांढरं जपायचा, सावलीत दाणेदार व्हायचा. बारक्या सावलीत चांगला, उन्हात उतावळा. मग भगवानरावांना सुचलं, शिवमंदिर. काळाकुट्ट दगड आणि पुढे पांढरी साडी. याहून कडक परीक्षा नाही.

त्याच सकाळी गेलो. दर्शनाला आलेल्या बायका जरा थबकून बघत होत्या, पांढरी साडी आणि शेजारी धडधाकट नवरा. द्रौपदीताईंना त्याचं काही नव्हतं. भगवानराव मोबाइल उंच धरून स्वतःचे फोटो काढणाऱ्या पोरांकडे बघून पुटपुटले, "नऊशे वर्षांचं दगडकाम मागे आहे आणि हे त्याच्याकडे पाठ करून ओठांचा चंबू करतायत."

"तुम्ही तरी कुठे बघताय?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

काठाची परीक्षा झाली. दोन्ही कॅमेऱ्यांत वेल दिसली. आता फक्त जोडीचा फोटो. त्यांनी दोघांसाठी जागा ठरवली, मला उभं राहायला दगड दाखवला, सगळी बटणं स्वतः लावून दिली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "फक्त दाबायचं. विचार करायचा नाही. हलायचं नाही. श्वाससुद्धा नंतर."

जाड्याने काढले, बारक्याने काढले. सावलीला सरकून पुन्हा दोन्हींनी काढले. मग तिघं बाहेर कट्ट्यावर बसलो. भगवानरावांनी जाड्याचा फोटो मोठा केला. काठ ठीक. चुण्या ठीक. दगड ठीक. तसे ते वर वर सरकत द्रौपदीताईंच्या चेहऱ्यावर आले, तोही ठीक. मग स्वतःच्या चेहऱ्यावर आले आणि थांबले.

नाकाच्या डाव्या अंगाला आठी. नाकपुडी वर. जणू शेजारी बायको नाही, नासका मासा ठेवलाय.

"ऊन डोळ्यावर आलं असेल," ते म्हणाले आणि सावलीतला उघडला. आठी. बारक्या उघडला. आठी. पुढचा. आठी. ते एकामागून एक बघत गेले. मला कामगार आठवले, ते काय बघत असतील ते आज भगवानरावच बघत होते.

मी त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवणार होते. पण गरज पडली नाही. ते स्वतःच हळू म्हणाले, "दोन्ही गेज एकच सांगतायत."

द्रौपदीताई चपलेचा पट्टा नीट करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला तर हे पहिल्या आठवड्यात दिसलं होतं."

"काय?"

"तेच. अल्बम आला तेव्हा. मी दारात उभी होते. तुम्ही पान उलटलंत, माझा फोटो बघितलात आणि असं नाक केलंत." त्यांनी स्वतःचं नाक मुरडून दाखवलं, हुबेहूब. "आणि अल्बम परत. मी आठवड्याची नवरी. मला वाटलं, मीच नापास."

भगवानरावांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. "ते... ते पांढऱ्यासाठी होतं. एक्सपोजर गेलं होतं. तुझ्यासाठी नव्हतं."

"मला काय माहीत एक्सपोजर? मला नाक माहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पुढे बघितलं, डाळीलाही तसंच, आमदाराच्या भाषणालाही तसंच, विक्रांत झाला तेव्हा त्याच्या टाळूलाही तसंच. तेव्हा समजलं, हे सगळ्यांसाठी आहे. पण तोवर दोनेक वर्षं गेली ना."

वालधुनी नदीच्या बाजूने वारा येत होता. भगवानरावांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडून बघितले.  मग ते एकदम उठले, अंगातल्या सफारीच्या खिशावरून हात फिरवला आणि मला हुकूम सोडला, "बाई, चला. पुन्हा. आता नीट."

पुन्हा दोघं काळ्या दगडापुढे उभे राहिले. माझ्या हातात या वेळी बारक्या होता. भगवानरावांनी आठी काढायचा प्रयत्न सुरू केला. आधी गाल ताणले. मग भुवया उचलल्या. मग ओठ दोन्हीकडे ओढले. मी या माणसाला ओळखत नसते तर डॉक्टरांना बोलावलं असतं.

"आता?" त्यांनी दातांतून विचारलं.

द्रौपदीताईंनी वळून पाहिलं. "अहो, पोटात कळ आलीय का?"

"मी हसतोय."

"हे हसणं आहे? अगं बाई!" आणि त्या जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. तोंडावर पदर न्यायचंही विसरल्या. भगवानराव वैतागून त्यांच्याकडे वळले, "यात हसण्यासारखं काय आहे?" नाक होतं तसं वर चढलं. आणि मी दाबलं. विचार न करता, त्यांनी सांगितलं होतं तसं. मधल्या वेळात ऊन पुढे सरकून थेट साडीवर आलं होतं, आणि माझ्या अंगठ्याने कुठलं तरी चाक फिरवून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

भगवानरावांनी कॅमेरा माझ्या हातातून ओढून घेतला. फोटो बघितला. साडी जळून पांढराफटक डाग. काठ नाही, वेल नाही, चुण्या नाहीत. थेट सत्त्याऐंशी सालचा दोष.

"गेलं सगळं! बाई, एक काम दिलं होतं, एक!" त्यांचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला.

"बघू," द्रौपदीताई म्हणाल्या. त्यांनी डोळे बारीक करून पडद्यावर पाहिलं. त्यात त्या हसत होत्या, तोंड उघडं टाकून, आणि हे त्यांच्याकडे बघत होते. फोटोवाल्याकडे नाही, काठाकडे नाही, त्यांच्याकडे. नाकासकट.

"हा," त्या म्हणाल्या.

"हा नापास आहे, द्रौपदी. पांढरं बघ."

"तुम्ही बघा पांढरं." त्यांनी कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला, पट्टा गळ्यात घातला आणि वर पदर ओढला. "ह्याला लाल रंग लावलात तर मी बदलापूरलाच राहायला जाईन. त्या खिडकीत."

भगवानरावांनी हात अर्धा पुढे केला होता, तो मागे घेतला.

शनिवारी परमूसेठकडे जाड्या परत गेला. त्याने विचारलं, "ये वाला पास क्यों हुआ, साईं? समझाओ, अगले ग्राहक को बताऊँगा."

भगवानराव दुकानाचं शटर न्याहाळायला लागले. द्रौपदीताईच म्हणाल्या, "हलका है. मेरे गले में रहता है." परमूसेठ इतका वेळ हसत राहिला की भगवानरावांनी त्याच्या दुकानाचा बोर्ड, शटर आणि चहा, तिन्ही नापास केले.

रविवारी बदलापूरला बुद्धवंदना झाली, खीर झाली. मोकळ्या भिंतीवर तो फोटो मोठा करून लावला होता. आलेले पाहुणे त्याच्यापुढे थांबत होते, आणि भगवानराव शेजारी उभे राहून प्रत्येकाला तेच सांगत होते. "एक्सपोजर गेलंय. साडी बघा, जळालीय. बाईंनी काढलाय, समोर राहतात आमच्या. मराठी शिकवायच्या, फोटोतलं काय कळणार? नापास फोटो आहे."

"सांगा, सगळ्यांना सांगा," द्रौपदीताई आतून खीर वाढताना म्हणायच्या.

गर्दी ओसरल्यावर मी भिंतीपाशी गेले. भगवानराव खुर्चीवर चढून लेव्हलपट्टी फ्रेमवर धरून उभे होते. बुडबुडा मधोमध होता, मला खालूनही दिसत होता. तरी त्यांनी फ्रेम केसभर हलवली, पुन्हा पट्टी ठेवली.

"बाई, सरळ दिसतोय ना?"

"अगदी सरळ आहे."

"तुम्ही म्हणणारच. काढला तुम्हीच ना," ते म्हणाले, आणि पट्टी पुन्हा एकदा ठेवली.